मूर्ख रोपांचें शहाणपण

शेतांतील एखादें रोप भोंवतालच्या रोपांहून वीतभर उंच वाढलें, तर पाहणाराला कौतुक वाटेल. परंतु जपानांतील भात पिकविणाऱ्या शेतकऱ्याच्या पोटांत मात्र धस्स होई. असें रोप फिकट व किडकिडीत राही, आणि पुष्कळदां लोंबींत दाणा भरण्यापूर्वींच मरून जाई. या रोगाला तेथें ‘बाकानाए’, म्हणजे ‘मूर्ख रोप’, म्हणतात.

रोगाचें मूळ एक बुरशी आहे, हें शोतारो होरी यांनीं १८९८ सालीं दाखविलें. बुरशी रोपाला मारते हें समजण्यासारखें आहे. पण ती त्याला आधीं वाढविते कशी? तैवान बेटांत काम करणाऱ्या एइची कुरोसावा यांनीं १९२६ सालीं साधीच युक्ती केली. त्यांनीं ही बुरशी द्रवांत वाढविली, द्रव गाळून तिला काढून टाकलें, आणि उरलेला द्रव निरोगी रोपांना दिला. रोपें भराभर उंच झालीं! अर्थात् ही करणी बुरशीनें स्रवलेल्या एखाद्या द्रव्याची होती. जिबरेला या बुरशीच्या नांवावरून तेइजिरो याबुता यांनीं १९३५ सालीं त्याला ‘जिबरेलिन’ हें नांव दिलें, व १९३८ सालीं सुमिकी यांच्यासह त्याचे स्फटिक मिळविले.

खरें आश्चर्य पुढेंच होतें. १९५८ सालीं घेवड्याच्या कोंवळ्या बियांत तसलेंच द्रव्य सांपडलें. वनस्पती आपली वाढ ज्या द्रव्यानें बेतानें चालविते, तेंच बुरशी बेसुमार ओतीत होती. १९६६ सालीं फिलिपाइन्समधून आलेलें ‘आय. आर. ८’ हें ठेंगणें भात भरपूर खत घालूनहि सहसा आडवें पडत नसे; त्याच्या ठेंगणेपणाचें कारण अंगांतील जिबरेलिनची तूट होय, हें २००२ सालीं उघड झालें.

नाशिककडील द्राक्षबागाईतदार आज बिनबियांच्या द्राक्षांचे घड याच द्रव्याच्या पाण्यांत बुडवितात. एरव्हीं हें द्रव्य मण्याला त्यांतील बियांकडून मिळतें. बीच नसल्यामुळें मणी लहान राहतो, व ती उणीव अशी भरून निघते.

वनस्पतींच्या अंगीं वसणाऱ्या बुरशीच्या असंख्य जाती आहेत. त्यांपैकीं कित्येक कांहींच उपद्रव देत नाहींत, म्हणून त्यांजकडे लक्षहि जात नाहीं. त्यांचे रस अजून असेच गाळून पारखले जात आहेत. शेतकऱ्यानें ज्या रोपाला मूर्ख ठरवून उपटून टाकलें, त्यालाच ‘तूं असा कां वाढलास?’ असें कोणीतरी विचारलें, म्हणून एवढें हातीं लागलें.