माकुळाच्या नसेतून माणसाच्या हृदयापर्यंत

1951 साली केंब्रिज विद्यापीठाचा संगणक मोठ्या फेरबदलासाठी काही महिने बंद होता. अँड्र्यू हक्सली आणि अ‍ॅलन हॉजकिन या शास्त्रज्ञांची नसेतल्या विजेची समीकरणं तयार होती, पण ती सोडवणार कशावर? शेवटी हक्सली हाताने हँडल फिरवायच्या ब्रुन्सविगा यंत्रावर बसले. माकुळाच्या जाडजूड अक्षतंतूतून विजेची एक लाट कशी धावते, एवढंच काढायला सुमारे तीन आठवडे लागले. उत्तर आलं: 18.5 अंश सेल्सिअसला सेकंदाला 18.8 मीटर. खऱ्या तंतूत मोजलेला वेग होता 21.2 मीटर.

हे वाचताना मी दर वेळी थबकतो. त्या समीकरणांत लाटेचा वेग कुठेच घातलेला नव्हता. पेशीच्या पातळ पडद्यातून सोडियम आत किती शिरतं आणि पोटॅशियम बाहेर किती पडतं, हे तंतूच्या एका जागी बारकाईने मोजलेलं होतं. वेग त्यातून आपोआप बाहेर पडला!

1960 साली लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये डेनिस नोबल नावाच्या तरुण संशोधकाने तीच समीकरणं उचलली आणि हृदयातल्या पर्किन्ये तंतूंना लावली. माकुळाच्या नसेतला विजेचा ठोका काही मिलिसेकंदांत संपतो, हृदयातला शेकडो मिलिसेकंद टिकतो. सोडियमचा भाग नोबल यांनी बराचसा तसाच ठेवला, पोटॅशियमचा बदलला. आणि गणितातली ती पेशी बाहेरून कोणी डिवचल्याशिवाय आपली आपण ठोके देऊ लागली. कुठे समुद्रातलं माकूळ, कुठे उबदार रक्ताच्या प्राण्याचं हृदय! एका जिवासाठी लिहिलेलं गणित दुसऱ्याच्या कामी येतं, हा मला जीवशास्त्रातला मोठा चमत्कार वाटतो.

पण हे उसनं घेणं दिसतं तितकं सोपं नाही. हॉजकिन-हक्सलींचा 1952चा मूळ शोधनिबंध समोर ठेवून समीकरणं टाइप करायला बसा. त्यात विश्रांतीतल्या नसेचा विद्युतदाब शून्य धरला आहे, आणि नस उत्तेजित झाली की आकडा उणे होतो. आज आपण विश्रांतीचा दाब उणे 65 मिलिव्होल्टच्या आसपास धरतो आणि उत्तेजनाला तो वर चढतो. म्हणजे चिन्हं उलटी. ती बदलताना एक जरी निसटलं, तरी नस गप्प. सोडियमच्या एका सूत्रात तर दाब बरोबर उणे 25 आला की वरही शून्य, खालीही शून्य. गणित जाणणारा माणूस तिथे 1 लिहून पुढे जातो; संगणक अडकतो.

इतक्या गाजलेल्या गणिती मॉडेलची ही कथा, तर बाकीच्यांचं काय? 2021 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जीवशास्त्रातली अशी 455 मॉडेलं तपासली गेली. त्यांतल्या 49 टक्क्यांचे निष्कर्ष निबंधातल्या माहितीवरून पुन्हा मिळाले नाहीत. कुठे एखादा स्थिरांक दिलेला नाही, कुठे सुरुवातीच्या किमती गायब, कुठे चिन्ह चुकलेलं. मला हे फार लागतं. कोणाची वर्षानुवर्षांची मेहनत एका न छापलेल्या आकड्यामुळे पुढच्याच्या हाती पडत नाही.

म्हणूनच एसबीएमएल आणि सेलएमएल या लिपींचं मोल. मॉडेलमधला प्रत्येक पदार्थ, प्रत्येक क्रिया, प्रत्येक एकक संगणकाला वाचता येईल असं त्यांत लिहायचं, म्हणजे वेगवेगळ्या प्रयोगशाळांची सॉफ्टवेअरं तीच फाइल चालवू शकतात. इंग्लंडमधल्या हिंक्स्टनची बायोमॉडेल्स ही अशा फाइलींची पेढी 2005 पासून सर्वांना मोफत खुली आहे. तिथली माणसं मॉडेल चालवून त्याचा आलेख निबंधातल्या आलेखाशी ताडून पाहतात, जुळला तरच तपासलेलं म्हणून शिक्का देतात. हे काम किचकट, नावलौकिक न देणारं. मला मात्र ते शोधाइतकंच मोठं वाटतं. हॉजकिन-हक्सलींची नस तिथे 20व्या क्रमांकावर आहे.

असं उसनं घेणं औषधांच्या तपासणीतही कामी येतं. काही औषधं हृदयातला एक पोटॅशियमचा मार्ग अडवतात आणि त्यामुळे ठोके जीवघेणे बिघडू शकतात. हा धोका आधीच ओळखण्यासाठी अमेरिकेच्या औषध प्रशासनातल्या संशोधकांनी मानवी हृदयपेशीचं 2011चं ओहारा-रूडी मॉडेल घेतलं. ते 100हून अधिक निरोगी मानवी हृदयांमधल्या मोजमापांवर उभं आहे. औषध त्या मार्गात कसं अडकतं, तेवढा भाग त्यांनी नव्याने बांधला. बाकीचं हृदय पुन्हा लिहावं लागलं नाही, कारण मूळ कर्त्यांनी चालणारा कोड सगळ्यांसाठी खुला ठेवला होता.