स्वयंपाकघरातली दुसरी बाई

‘कसा होता गं सिनेमा?’ असं कुणी विचारलं की आपल्याकडे तीन उत्तरं तयार असतात. ‘छान होता’, ‘बरा होता’, नाही तर ‘मेली नुसती रडारड!’ पुस्तकाचंही तेच. ‘वाच हं, छान आहे’ म्हणायचं आणि पुढच्या मैत्रिणीच्या हातात द्यायचं. का आवडलं, कुठे खटकलं, कुणाचं वागणं पटलं नाही, हे सांगायची वेळ आली की आपण हात झटकतो. ‘ते समीक्षकांचं काम बाई, आपल्याला काय कळतंय त्यातलं!’

का बरं कळत नाही? साडीच्या दुकानात आपण पोत, काठ, पदर, रंग जाईल की राहील यावर अर्धा तास बोलतो. लग्नात जेवून आलो की मठ्ठ्यात आलं जास्त झालं होतं इथपर्यंत सांगतो. मग दोन-अडीच तास बसून पाहिलेल्या सिनेमाबद्दल, रात्री जागून वाचलेल्या पुस्तकाबद्दलच आपली जीभ का अडखळते? उलट मला तर वाटतं, काही सिनेमे आणि काही पुस्तकं अशी आहेत की त्यांच्याबद्दल बोलायचा पहिला मान आपलाच. कारण ती ज्या जागेबद्दल बोलतात ती जागा आपल्याइतकी कुणालाच माहीत नाही. ती जागा म्हणजे स्वयंपाकघर.

अलीकडे पाहिलेले दोन-तीन सिनेमे आणि वाचलेली दोन पुस्तकं नेमकी याच जागी येऊन एकमेकांना भेटली. त्यांच्याबद्दल मला काय वाटलं, ते आज तुमच्याशी बोलायचं आहे.

सुरुवात ‘द ग्रेट इंडियन किचन’पासून. जिओ बेबी या दिग्दर्शकाचा हा मल्याळम सिनेमा 2021च्या जानेवारीत आला. भाषा येत नसली तरी काही अडत नाही, कारण यात बोलण्यापेक्षा चिरणं, वाटणं, फोडणी, भांडी, ओटा पुसणं हेच जास्त आहे. नवी सून, तिचा शाळेत समाजशास्त्र शिकवणारा नवरा, सासू आणि सासरे. या नवरा-बायकोला सिनेमात नावंच नाहीत. सासऱ्यांना चटणी पाट्यावरचीच लागते, भात कुकरमधला चालत नाही. सिंकखालचा पाइप गळतोय, प्लंबरला बोलवा म्हणून ती रोज सांगते आणि नवरा रोज विसरतो. कुणी तिला मारत नाही. कुणी आवाजही फारसा चढवत नाही. तरीसुद्धा पाहताना जीव गुदमरतो.

याचाच हिंदी अवतार ‘मिसेस’. आरती कडव यांनी दिग्दर्शित केलेला, सान्या मल्होत्राचा हा सिनेमा 2025च्या फेब्रुवारीत ओटीटीवर आला आणि घराघरांत त्यावर वाद झडले. मी ऐकलेला सगळ्यात जोरदार मुद्दा पुरुषांचा नव्हता, बायकांचाच होता. ‘चार माणसांचा स्वयंपाक, त्यात काय एवढं? आम्ही बारा माणसांचं केलं, तेही चुलीवर. अशी घरं सोडायला लागलो असतो तर झालंच!’

या मुद्द्याला हसून सोडून देऊ नये असं मला वाटतं. ज्यांनी खरोखरच बारा माणसांचं केलं, त्यांच्या कंबरदुखीला विचारा. पण माझं मत असं, की सिनेमातला प्रश्न पोळ्यांच्या संख्येचा नाहीच. चटणी पाट्यावर वाटायची की मिक्सरमध्ये, हे ठरवायचं कुणी, हा प्रश्न आहे. जिचे हात दुखणार तिला त्यात मत नाही आणि जो नुसता ताटावर बसणार त्याचा शब्द शेवटचा. बारा माणसांचं करणाऱ्या आपल्या आई-आजीलाही हे मत नव्हतंच. तिने ते बोलून दाखवलं नाही, इतकंच.

मल्याळम सिनेमातली मला सगळ्यात जास्त लक्षात राहिली ती मात्र नायिका नव्हे, तिची सासू. ती खूप शिकलेली आहे, पण नोकरी करू दिलेली नाही. सून आल्यावर तिला थोडा हात मिळतो न मिळतो तोच बाळंतपणासाठी मुलीकडे परदेशात रवानगी. म्हणजे एका स्वयंपाकघरातून सुटून दुसऱ्यात! पुढे सुनेला नोकरीचा अर्ज करायचा असतो, घरातल्यांचा विरोध असतो, तेव्हा हीच सासू फोनवरून तिला अर्ज कर म्हणते. पण मी सांगितलं हे कुणाला कळू देऊ नकोस, अशी अटही घालते. त्या एका फोनमध्ये तिचा अख्खा संसार दिसला मला. सुनेला पळायला दार उघडून देईल, पण स्वतःचं बोट दाराला लागलेलं दिसू देणार नाही. अशा किती सासवा, आत्या, मावश्या आपण पाहिल्या आहेत!

माझी तक्रार एवढीच, की सिनेमा तिला फार लवकर निरोप देतो. सून बाहेर पडते, त्याचा आनंद आहेच. पण परदेशातून परत आल्यावर त्या सासूचं काय झालं असेल? सिनेमा संपल्यावर मी त्याचाच विचार करत बसले होते.

शेवटी नायिका माहेरी येते. बाहेरून आलेला भाऊ पाणी मागतो, आई धाकट्या मुलीला उठवते आणि तिथे नायिकेचा संयम सुटतो. त्याचं पाणी त्याला घेता येत नाही का? सासरचा मोठा स्फोट सगळ्यांच्या लक्षात राहतो, पण मला हा पाण्याचा पेला जास्त महत्त्वाचा वाटला. कारण सासर कसं असावं हे आपल्या हातात नसतं. आपल्या घरात मुलाने पाणी स्वतः घ्यायचं की बहिणीने आणून द्यायचं, हे बऱ्याच अंशी असतं. आणि मग अगदी शेवटी काय दिसतं? त्याच घरात, त्याच ओट्यापाशी दुसरी बायको उभी आहे. एक बाई सुटली, जागा तशीच राहिली.

तेव्हापासून मला एक सवय लागली आहे. असा काही सिनेमा पाहिला, पुस्तक वाचलं की मी शोधते, यातल्या स्वयंपाकघरातली दुसरी बाई कोण? आणि लिहिणाऱ्याने, दाखवणाऱ्याने तिच्याकडे नीट पाहिलंय का?

आपला ‘उंबरठा’ आठवा. जब्बार पटेलांचा 1982चा सिनेमा, शांता निसळ यांच्या ‘बेघर’ कादंबरीवरचा. स्मिता पाटीलची सुलभा महिलाश्रमाच्या कामासाठी घर सोडून जाते. तिच्या धाडसाबद्दल आजवर पुष्कळ लिहून आलं. पण तिच्या लेकीला सांभाळायला जाऊ घरात होती, म्हणून तर ती जाऊ शकली. एकीने उंबरठा ओलांडला की दुसरीला तो धरून बसावं लागतं, हे मला या वेळी पाहताना जाणवलं.

ही दुसरी बाई पैसे घेऊन काम करणारी असेल तर? ‘नाच गं घुमा’ 1 मे 2024 रोजी प्रदर्शित झाला. परेश मोकाशी यांचा सिनेमा. मुक्ता बर्वेची नोकरी करणारी राणी आणि नम्रता संभेरावच्या घरकाम करणाऱ्या आशाताई. बाईने दांडी मारली की घराचं काय होतं, हे सांगायला आपल्याला सिनेमाची गरज नाही, पण पाहताना मनापासून हसू येतं. नम्रता संभेरावने आशाताई इतक्या जिवंत केल्या आहेत की कुणाचा सिनेमा म्हणाल तर तिचाच.

मला आवडलं ते हे, की नोकरी करणाऱ्या बाईचं यश दुसऱ्या बाईच्या हातांवर उभं आहे, हे इथे स्पष्ट म्हटलंय. खटकलं ते असं, की सगळी ओढाताण दोघींतच चालते. घरात नवरा आहे, स्वभावाने चांगलाही आहे, पण आशाताई वेळेवर आल्या नाहीत की घाम राणीलाच फुटतो. ‘बाई आली नाही’ हे टेन्शन कायम घरातल्या बाईचंच का असावं? सिनेमाने हा प्रश्न हसता हसता थोडा जोरात विचारला असता, तर मी दोन टाळ्या जास्त वाजवल्या असत्या.

आता पुस्तकांकडे येते. बेबी कांबळे यांचं ‘जिणं आमुचं’. आधी 1982 मध्ये ‘स्त्री’ मासिकातून क्रमशः आलं आणि 1986 मध्ये पुस्तक झालं. बेबीताई फलटणच्या. छोटंसं दुकान चालवायच्या. माल बांधायला आणलेल्या रद्दीतले कागद वाचायच्या आणि दुकानात बसून घरच्यांच्या नकळत लिहायच्या. लिहिलेलं वर्षानुवर्षं लपवून ठेवलं. फलटणला राहून काम करणाऱ्या अभ्यासक मॅक्सीन बर्नसन यांनी आग्रह धरला, तेव्हा ते लिखाण बाहेर आलं. नाही तर ते कागद कदाचित रद्दीतच गेले असते.

सिनेमातलं स्वयंपाकघर डब्यांनी भरलेलं असतं. या पुस्तकातलं रिकामं आहे. महार समाजाच्या वाट्याला आलेली भूक आणि अपमान यात आहेत, बाळंतिणीलाही पोटभर न मिळणारं अन्न आहे. आणि आठ-नऊ वर्षांच्या सुना आहेत. रात्र सरायच्या आत उठून दळायचं, मग भाकरी थापायच्या. त्या इवल्याशा हातांना भाकरी कुठली जमायला! ती कच्ची राहिली, फाटली की सासू चार बायका गोळा करून दाखवणार, बघा हिची भाकरी! वाचताना घास अडकतो.

पण हे पुस्तक मला मोठं वाटतं ते यापुढच्या गोष्टीसाठी. बेबीताई सासूला नुसती दुष्ट ठरवून मोकळ्या होत नाहीत. गावाने ज्यांना गुलाम केलं, त्यांनाही कुणावर तरी हुकूम गाजवावासा वाटला आणि हाताशी सापडली ती सून, असं त्या मांडतात. आपल्या माणसांबद्दल इतकं खरं लिहायला किती धैर्य लागत असेल! आपल्या टीव्ही मालिकांतली सासू वर्षानुवर्षं डोळे वटारते, पण ती तशी का झाली हे कुणी सांगत नाही. दुकानात लपून लिहिणाऱ्या बाईला ते कळलं होतं. उद्या कुणी विचारलं, मालिकांपेक्षा पुस्तक का वाचायचं, तर मी हेच उत्तर देईन.

दुसरं पुस्तक बहुतेकींच्या माहितीचं आहे, निदान धडा म्हणून तरी. लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’. 1934पासून ते भागाभागाने प्रसिद्ध झालं. धडा वाचलेल्यांनी अख्खं पुस्तक जरूर वाचावं, कारण दारिद्र्य, ताटातूट, आजारपणं सगळं असूनही यात पानापानावर हसू येतं. लग्नानंतर लिहायला-वाचायला शिकलेली ही बाई लिहिते इतकं सहज, की शेजारी बसून शेंगा सोलत सांगतेय असं वाटतं.

यातही मी स्वयंपाकघरच शोधलं. लक्ष्मीबाईंच्या वडिलांना सोवळ्याचं वेड. घरात येणारी वस्तू धुतल्याशिवाय आत यायची नाही. अशा घरातली मुलगी. पुढे नवरा, रेव्हरंड नारायण वामन टिळक, 1895 मध्ये ख्रिस्ती होतो आणि दोघांची काही वर्षं ताटातूट होते. पुन्हा एकत्र आल्यावरही लक्ष्मीबाईंचं सोवळं सुटत नाही. कुणाच्या हातचं पाणी चालेल, कुणाचं नाही, याचा मनातल्या मनात झगडा चालू असतो. आणि एके दिवशी, जाती देवाने केल्या की माणसांनी, हा विचार करता करता त्यांच्या मनातली गाठ सुटते. यापुढे कुणाच्याही हातचं खायचं, असं त्या ठरवतात. नवऱ्याने सांगितलं म्हणून नव्हे, स्वतःला पटलं म्हणून. टिळकांनी किती समजावलं असेल, पण चुलीजवळचा निर्णय त्यांनी स्वतःच्या वेळेला, स्वतःच्या डोक्याने घेतला. मला हे सगळ्यात आवडलं.

म्हणून म्हणते, ‘छान होतं’वर थांबू नका. तुमच्या गावात वाचनालय असेलच. तिथून एक पुस्तक आणा, चौघींत फिरवा. थिएटर लांब असेल तर कुणाच्या तरी घरी टीव्हीवर सिनेमा लावा. मग भिशीच्या दिवशी पैसे मोजून झाले की अर्धा तास त्याच्यासाठी ठेवा. प्रश्न अवघड नकोत. कुणाचा राग आला? कुठे आपली आई आठवली? हा शेवट आपल्या घरात झाला असता का? एकीला पटलेलं दुसरीला पटणार नाही. न पटू दे. सूनबाई आणि सासूबाई एकाच सिनेमाबद्दल दोन मतं सांगून त्याच संध्याकाळी एकत्र भाजी निवडायला बसल्या, तर त्या घराला काही होत नाही.

चर्चा अगदी रंगात येईल बघा. फक्त त्या वेळी आत एकटीच उभी राहून सगळ्यांचा चहा कोण करतंय, तेवढं डोकावून पाहा. तिलाही बाहेर बोलवा. तिचंही काही मत असेल.