डावा हात राखून ठेवा

या वेळी किडनीच्या रुग्णाच्या पथ्याबद्दल लिहायचं ठरलं होतं. भाज्या उकळून पाणी का ओतायचं, डाळ किती खायची, नारळपाणी कुणाला चालत नाही, हे सगळं पुढच्या आठवड्यावर ढकलतो. सेलूहून आलेलं एक पत्र आधी घ्यायला हवं, कारण त्या घरात एक निर्णय अडून बसला आहे.

वडील ६२ वर्षांचे, शुगर जुनी, क्रिएटिनिन ४. नांदेडच्या किडनीतज्ज्ञांनी सांगितलं, डाव्या हाताचा फिस्टुला करून घ्या आणि तोवर त्या हाताला कुणाला सुई लावू देऊ नका. पण वडील रोज शेतात जातात, दोन्ही वेळा जेवतात, अंगावर सूज नाही. “हिंडत्या-फिरत्या माणसाला आत्तापासून डायलिसिसच्या वाटेला लावायचं का? भावकीतले म्हणतात, डॉक्टर घाई करतायत,” असं मुलानं लिहिलं आहे.

डॉक्टर घाई करत नाहीत. ते अगदी वेळेवर बोलले आहेत.

मागच्या भागातलं गणित इथे लावा. ६२ वर्षांचा पुरुष आणि क्रिएटिनिन ४, म्हणजे ईजीएफआर (किडनीच्या गाळण्याच्या ताकदीचा आकडा) साधारण १६. इतक्या कमी आकड्यावरही माणूस दिवसभर शेतात वावरू शकतो, म्हणून घरच्यांना पटत नाही. चालण्या-फिरण्यावरून आणि जेवणावरून किडनीचा अंदाज बांधता येत नाही, हे या लेखमालेत मी पुनःपुन्हा लिहितो आहे ते याचसाठी.

आता हाताकडे वळू. डायलिसिसचं यंत्र मिनिटाला २५० ते ३०० मिलिलिटर रक्त ओढतं, तेही सलग चार तास, आठवड्यातून दोन-तीनदा. कातडीखाली दिसणाऱ्या निळ्या शिरेत इतकं रक्त वाहतच नाही. धमनीत जोर असतो, पण ती खोल असते आणि तिला वारंवार टोचणं धोक्याचं असतं. डायलिसिसचा सुरुवातीचा सगळा इतिहास या एका अडचणीभोवती फिरतो.

नेदरलँड्समधल्या कांपेन गावी विलेम कोल्फ यांनी १९४३ मध्ये, जर्मन फौजांच्या अमलात, सेलोफेनची नळी लाकडी पिंपाभोवती गुंडाळून कृत्रिम किडनी उभी केली. यंत्र रक्त शुद्ध करत होतं. पण दर वेळी नवी रक्तवाहिनी उघडावी लागे आणि ती पुन्हा कामाची राहत नसे. थोड्याच खेपांत रुग्णाच्या वाहिन्या संपत. त्यामुळे किडनी काही दिवसांपुरती बंद पडलेल्यांनाच या यंत्राचा उपयोग, कायमची गेलेल्यांना नाही. १९६० मध्ये अमेरिकेत सिएटलच्या बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी टेफ्लॉनची नळी धमनी आणि शिरेत बसवून हाताबाहेर कायम ठेवली. त्यांचा पहिला रुग्ण, विमान कारखान्यातला कामगार क्लाइड शील्ड्स, पुढे ११ वर्षं जगला. तरी बाहेरच्या नळीत गुठळ्या होत, पू होई. मग न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयात ब्रेशिया आणि सिमिनो या डॉक्टरांना सुचलं, की बाहेरची वस्तू हवीच कशाला? अ‍ॅपेल नावाच्या सर्जननी मनगटाजवळ रुग्णाची स्वतःचीच धमनी आणि शीर एकमेकींना शिवून टाकली. हाच तो फिस्टुला. १९६६ मध्ये त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. तेव्हापासून आजवर डायलिसिससाठी याहून चांगली वाट सापडलेली नाही. डायलिसिसच्या इतिहासात यंत्राचं कौतुक फार होतं. माझ्या मते तेवढाच मान या टाक्यांना आहे.

मनगटाच्या धमनीतून एरवी मिनिटाला २०-३० मिलिलिटर रक्त जातं. जोड दिली की तेच शेकडोंच्या घरात जातं. नदीचं पाणी सरीत सोडावं तसं ते पातळ शिरेत घुसतं. शीर फुगते, तिची भिंत जाड होते, हात लावला की आत थरथर जाणवते. ही थरथर रोज सकाळी बोटांनी तपासायची. ती थांबली तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं. जाड सुया सोसण्याइतकी शीर तयार व्हायला किमान सहा आठवडे, बऱ्याचदा दोन-तीन महिने लागतात. काहींची शीर तयार होतच नाही, मग कोपराजवळ पुन्हा ऑपरेशन. म्हणून हे काम गरजेच्या कित्येक महिने आधी काढावं लागतं.

उशीर केला तर काय होतं, तेही लिहितो. पाणी छातीत भरतं, धाप लागते, जिंतूरहून किंवा गंगाखेडहून रात्री गाडी करून नांदेड नाहीतर छत्रपती संभाजीनगर गाठावं लागतं आणि मानेत नळी घालून डायलिसिस सुरू होतं. जीव वाचतो. पण त्या नळीतून जंतू थेट रक्तात शिरतात, आणि नळी फार दिवस राहिली तर छातीतली मोठी शीर अरुंद होऊन त्या बाजूचा हात फिस्टुलाच्या कामातून जाऊ शकतो. अशा कितीतरी घरांत किडनीतज्ज्ञ हा डॉक्टर असतो, हे त्या रात्रीच कळतं.

आता माझा जुना आग्रह. आपल्याकडे अशक्तपणा आला, ऊन लागलं, कणकण वाटली, की “एक सलाईन लावा” अशी मागणी होते. नॉर्मल सलाईनच्या ५०० मिलिलिटरच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ असतं आणि बाकी पाणी. ५ टक्के ग्लुकोजच्या तेवढ्याच बाटलीत २५ ग्रॅम साखर. तोंडाने घेता येणाऱ्या माणसाचं काम लिंबू-मीठ-साखरेच्या पाण्यावर भागतं. किडनीच्या रुग्णाला तर ते मीठ बाधतंच, वर शीर जाते ती वेगळी. अंगठ्याच्या बाजूची मनगटावरची सरळ, ठसठशीत शीर सुई लावणाऱ्याला सर्वांत सोपी वाटते, आणि फिस्टुलासाठी सर्जनला हवी असते तीच. चार सलाईनींत ती दोरीसारखी कडक होऊन बुजते. उजव्या हाताने काम करणाऱ्याचा डावा हात राखायचा, डावखुऱ्याचा उजवा. रक्त काढायचंच झालं तर दुसऱ्या हाताच्या पाठीवरून काढा.

फिस्टुलाच्या हातावर बीपीचा पट्टा नको, जड घागर नको, त्यावर डोकं ठेवून झोपणं नको. आपल्या बायकांच्या हातात बांगड्या भरलेल्या असतात आणि त्या उतरवायचं म्हटलं की घरातली मोठी माणसं अस्वस्थ होतात. घट्ट चुडा त्या शिरेला दाबतो. उजव्या हातात भरा, डावा मोकळा राहू द्या. सासूबाईंनीच हे आधी सांगितलं तर सुनेला सोपं जातं.

किडनीतज्ज्ञाकडे कधी जायचं, याचं एक उत्तर यातूनच निघतं. ईजीएफआर ३० च्या खाली गेला की जाणं टाळू नका, कारण तयारीला लागणारा वेळ त्याच टप्प्यात मिळतो: हात तयार करायला, हिपॅटायटिस बी ची लस टोचून घ्यायला, घरात किडनी देणारं कुणी आहे का ते पाहायला. आकडा झपाट्याने घसरत असेल, लघवीतून प्रथिनं खूप जात असतील, लघवीत रक्त दिसत राहिलं किंवा तीन-चार गोळ्यांनीही बीपी आटोक्यात येत नसेल, तर ३० ची वाटसुद्धा पाहू नका.

सेलूच्या वाचकांना एवढंच, की फिस्टुला केला म्हणजे उद्यापासून डायलिसिस लागलं असं नाही. काहींचा आकडा औषधांवर बराच काळ टिकतो, तोवर ती शीर नुसती तयार असते. डायलिसिसआधीच प्रत्यारोपण होऊ शकेल का, पोटाचं डायलिसिस जमेल का, हृदयाचा इको करावा लागेल का, हे तीन प्रश्न कागदावर लिहून न्या. महात्मा फुले योजनेत काय बसतं ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा, रेशनकार्ड आणि आधार बरोबर ठेवा. वडिलांच्या फाइलच्या पहिल्या पानावर आजच लाल शाईने लिहा: “डाव्या हाताला सुई, सलाईन, बीपीचा पट्टा नको.” आणि तारीख ठरली की मला कळवा.