कार्बनची सायकल : जिथे धागा, तिथे बळ

१९८६ची टूर द फ्रान्स अमेरिकेच्या ग्रेग लेमाँडने जिंकली. युरोपबाहेरचा तो पहिला विजेता, आणि कार्बन फायबरच्या फ्रेमवर ही शर्यत जिंकणाराही तोच पहिला. ‘लुक’ या फ्रेंच कंपनीच्या त्या फ्रेममध्ये कार्बनच्या नळ्या ॲल्युमिनियमच्या सांध्यांत चिकटवलेल्या होत्या. आज या शर्यतीत धातूची फ्रेम शोधूनही सापडत नाही. वरच्या श्रेणीतली नुसती फ्रेम ७०० ग्रॅमच्या आसपास भरते आणि अख्ख्या सायकलची किंमत भारतात १० लाखांच्या पुढे जाते. एवढे पैसे मोजून काय पदरात पडतं आणि काय गमवावं लागतं, हे समजून घ्यायचं तर आधी कार्बनचा धागा पाहावा लागेल.

हा धागा जेमतेम ५ ते ७ मायक्रॉन जाडीचा, आपल्या केसाच्या सुमारे दहाव्या हिश्श्याइतका. पॉलिॲक्रिलोनायट्रिल नावाचा कृत्रिम धागा ऑक्सिजनविना हजार अंश सेल्सिअसहून जास्त तापवला की इतर मूलद्रव्यं निघून जातात आणि जवळजवळ निव्वळ कार्बन उरतो. लांबीच्या दिशेने ओढलं तर तो पोलादाला भारी पडतो. आडव्या दिशेने मात्र सगळी भिस्त धाग्यांना धरून ठेवणाऱ्या इपॉक्सी रेझिनवर असते. बांबू उभा सहज चिरता येतो, आडवा तोडायला कुऱ्हाड लागते, तसंच हे.

धातू सगळ्या दिशांना सारखाच मजबूत असतो. कार्बनमध्ये मजबुती कुठे आणि किती हवी, हे रचनाकार ठरवतो. रेझिनमध्ये भिजवलेल्या पातळ पट्ट्यांचे शेकडो तुकडे हाताने, ठरलेल्या कोनांत एकावर एक बसवले जातात आणि साच्यात उष्णता व दाब देऊन पक्के केले जातात. नळीच्या लांबीला समांतर थर वाकण्याला विरोध करतात, ४५ अंशांतले थर पिळाला. त्यामुळे पेडलचा जोर जिथे येतो तो बॉटम ब्रॅकेटचा भाग ताठ ठेवता येतो आणि सीटकडच्या नळ्या थोड्या लवचिक ठेवून रस्त्याचे हादरे कमी करता येतात. नळीला वारा कापणारा आकार देणंही सोपं जातं. शिवाय नीट बनवलेली कार्बन फ्रेम वर्षानुवर्षांच्या हादऱ्यांनी ॲल्युमिनियमसारखी थकत नाही.

वजनाचा फायदा मात्र मोजूनमापून पाहावा. स्वार ७० किलोचा आणि सायकल ९ ऐवजी ७ किलोची, तर एकूण भार अडीच टक्क्यांनी घटतो. ४५ मिनिटांच्या खड्या चढावर साधारण मिनिटभर वाचतं. मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाटात ‘घाटाचा राजा’ होऊ पाहणाऱ्यासाठी मिनिट म्हणजे सर्वस्व. सपाटीवर ताशी ४० किलोमीटर वेगाने जाताना मात्र बहुतेक ताकद वारा कापण्यातच खर्च होते आणि त्या वाऱ्याला मुख्य अडथळा सायकलचा नव्हे, स्वाराच्या शरीराचा असतो. त्यातच आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेने २००० पासून शर्यतीच्या सायकलला किमान ६.८ किलोची अट घातली आहे. त्यामुळे आता कंपन्यांची चढाओढ वजनापेक्षा आकारावर जास्त आहे.

आता उणी बाजू. थर ज्या ताणांसाठी रचले, ते ताण फ्रेम लीलया पेलते. अनपेक्षित जागी बसलेला घाव किंवा आवळलेली पकड तिला सोसत नाही. सीटपोस्टचा बोल्ट बहुधा ५ न्यूटन-मीटरच्या आसपास घट्ट करायचा असतो. साध्या ॲलन कीने अंदाजाने आणखी अर्धा फेरा दिला, तर नळी चिरडू शकते. म्हणून बोल्ट किती जोराने आवळला हे मोजणारा टॉर्क रेंच हवाच. पोलादाला पोचा पडतो, ते वाकतं, म्हणजे इशारा मिळतो. कार्बनची सायकल पडल्यानंतर वरचा रंग शाबूत दिसतो, आत थर सुटलेले असू शकतात आणि पुढे कधीतरी भरवेगात नळी एकदम तुटते. जाणकार मेकॅनिक नाण्याने हलकेच ठोकत नळीवरून पुढे सरकतो. खणखणीत आवाज जिथे बद्द होतो, तिथे शंका घ्यायची. खात्री करायची तर अल्ट्रासाउंड तपासणी लागते.

कार्बन विजेचा वाहक आहे. म्हणून खारट घामाच्या किंवा समुद्राच्या खाऱ्या हवेच्या संगतीत त्याला टेकलेलं ॲल्युमिनियम गंजतं, त्यामुळे समुद्रकाठच्या स्वारांनी सीटपोस्ट आणि बोल्ट अधूनमधून काढून पुसावेत. एकदा पक्कं झालेलं इपॉक्सी पुन्हा वितळत नाही. तुटलेली फ्रेम दुरुस्त होऊ शकते, पण भंगारातल्या पोलादासारखी नव्याने ओतता येत नाही.

नियमित शर्यती खेळणाऱ्याला ही सायकल तिच्या किमतीचं मोल देते. रोज फिरणाऱ्याला, खड्ड्यांतून ऑफिस गाठणाऱ्याला चांगली ॲल्युमिनियम किंवा पोलादी फ्रेम, दर्जेदार टायर आणि शरीराला बेतून बसवलेली बैठक यांतून कितीतरी अधिक मिळेल. आणि कार्बनच घेणार असाल, तर टॉर्क रेंचचे आणि पडझडीनंतरच्या तपासणीचे पैसे किमतीतच धरा. तपासणी होईपर्यंत त्या सायकलवर उतार उतरू नका.