कर्ता गोलंदाज नसतां

घरांतील कर्ता पुरुष अंथरुणास खिळला म्हणजे त्या घराची खरी कसोटी लागते. क्रीडासंघांचेंही तसेंच आहे. 2017 च्या डिसेंबरांत विदर्भाचा क्रिकेट-संघ रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यास प्रथमच पोहोंचला. पण त्याचा नामांकित गोलंदाज उमेश यादव दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यासाठीं भारतीय संघांत असल्यामुळें इंदूरच्या त्या सामन्यास अंतरला. त्याच्या जागीं अकोल्याचा आदित्य ठाकरे हा कोवळा तरुण उभा राहिला. प्रथम श्रेणीचा त्याचा हा पहिलाच सामना!

नवख्याच्या खांद्यावर सारा भार न टाकतां तो सर्वांनीं वांटून घेतला, यांतच विदर्भाचें शहाणपण आम्हांस दिसतें. रजनीश गुरबानीनें पहिल्या डावांत लागोपाठ तीन चेंडूंवर तीन त्रिफळे उडवून 59 धावांत सहा गडी टिपले; यष्टिरक्षक अक्षय वाडकरनें 133 धावा काढल्या; आणि 2018 च्या पहिल्याच दिवशीं दिल्लीस नऊ गड्यांनीं नमवून विदर्भानें तो करंडक प्रथमच जिंकला.

त्याच महिन्यांत न्यूझीलंडमधील कुमारांच्या विश्वचषकांत ईशान पोरेल जायबंदी झाला, तेव्हां राखीव म्हणून ह्याच आदित्यास बोलावणें गेलें. पुढें ईशान बरा झाला, व उपांत्य सामन्यांत पाकिस्तानचे चार गडी त्यानेंच बाद केले. बदलीच्या माणसानें सदैव सिद्ध असावें आणि धनी परततांच मन मोठें करून बाजूस व्हावें, हें एकत्र कुटुंबांत वाढलेल्यांस निराळें सांगावयास नको. मात्र कर्त्याच्या मागें कोण, हें वडीलधाऱ्यांनीं आधींच योजून ठेवावें, एवढेंच आमचें सांगणें.