दहापर्यंत श्वास धरा

लालबागला औषधाच्या दुकानात माझ्यापुढे पंचविशीतली एक मुलगी उभी होती. चिठ्ठी पुढे करून ती हळूच म्हणाली, "कागदात गुंडाळून द्या हं." दुकानदाराने दम्याचा पंप वर्तमानपत्रात गुंडाळला, वर रबर चढवलं आणि तिच्या हातात ठेवला. ती गेल्यावर सुटे पैसे मोजता मोजता तो म्हणाला, "लग्नाच्या मुली असंच मागतात. आणि लग्न झालेल्या रात्री दम लागला की बाथरूममध्ये जाऊन घेतात."

बाथरूममध्ये जाऊन श्वास घ्यायचा, हे काही केल्या डोक्यातून जाईना. चष्मा कोणी लपवत नाही, रक्तदाबाची गोळी चारचौघांत घेतली जाते. पंपानेच असं काय घोडं मारलंय? म्हणून परळच्या एका सार्वजनिक रुग्णालयाच्या छातीविकार ओपीडीत परवानगी काढून जाऊन बसले. परळची ही पट्टी म्हणजे रुग्णालयांचीच. केईएम, वाडिया, टाटा एकमेकांना खेटून उभी आणि सकाळी सातपासून केसपेपरच्या रांगा.

ओपीडीचा क्रम सगळ्यांच्या ओळखीचा: केसपेपर, नंबर, डॉक्टर, चिठ्ठी, औषधाची खिडकी. डॉक्टर तरुण, मायेने बोलणारे, पण दाराबाहेरची गर्दी पाहता एका पेशंटला मिळणार तरी किती मिनिटं? चिठ्ठीवर पंपाचं नाव पडतं, "बाजूच्या खोलीत ताई शिकवतील" असं सांगितलं जातं, आणि त्यातले निम्मे तरी बाजूच्या खोलीत न जाता थेट घरचा रस्ता धरतात. मी बसले ती या बाजूच्या खोलीत.

ताई पदाने तंत्रज्ञ. त्यांचं नेमून दिलेलं काम फुंकायच्या तपासणीचं. नाकाला चिमटा लावायचा, नळीत जोरात फुंकायचं आणि ताई टेबलावर हात आपटत ओरडणार, "फुंका, फुंका, फुंका, अजून, अजून, अजून!" आजीबाईंच्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत. पंप शिकवणं हे या दोन तपासण्यांच्या मधल्या वेळातलं काम. त्यासाठी टेबलाच्या कडेला एक ट्रे असतो. त्यात औषध नसलेले सरावाचे पंप, रोटाहेलर, फुग्यासारखा मोठा स्पेसर आणि एक छोटा आरसा.

ताई आधी काहीच शिकवत नाहीत. पंप पेशंटच्या हातात देतात आणि म्हणतात, "तुम्ही घरी कसा घेता ते दाखवा." मग त्या पेशंटच्या हाताकडे पाहत नाहीत, ओठांच्या कोपऱ्याकडे पाहतात. पंप दाबला की तिथून पांढरा धूर निसटतो. कधी नाकातून येतो. "हा बघा, गेला," त्या आरसा समोर धरून म्हणतात. "हा धूर दिसला ना, म्हणजे औषध बाहेर गेलं. आत काय गेलं? हवा."

तो धूर मी इतक्यांच्या तोंडातून निघताना पाहिला की नंतर माझीही नजर आपोआप तिथेच जायला लागली. वर्षानुवर्षं पंप वापरणारी माणसं. कोणी पंप हलवतच नाही, कोणी एका श्वासात दोनदा दाबतो, कोणी श्वास घेऊन झाल्यावर दाबतो. एका बाईंनी रोटाहेलरच्या कॅप्सूल महिनाभर पाण्याबरोबर गिळल्या होत्या. त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं की कॅप्सूल भोकात घालून खालचा भाग फिरवायचा, ती आत फुटते आणि मग पूड जोरात ओढून घ्यायची. ताई हसल्या नाहीत. "कॅप्सूल म्हटल्यावर माणूस गिळणारच," एवढंच म्हणाल्या आणि नवीन कॅप्सूल घालून त्यांना आतला खुळखुळ आवाज ऐकवला. "हा आवाज आला म्हणजे पूड निघाली."

यातली अडचण शरीराच्या रचनेतच आहे. श्वासनलिकांच्या बारीक फांद्यांपर्यंत पोचायचं तर औषधाचा कण 1 ते 5 मायक्रॉनच्या आसपास हवा. त्याहून मोठा घशावर आदळून तिथेच राहतो. पंपातून फवारा सुटतो तो प्रचंड वेगाने. म्हणून आधी श्वास पूर्ण सोडायचा, मग सावकाश आत ओढायला सुरुवात करताना त्याच क्षणी पंप दाबायचा, आणि ओढून झाल्यावर दहापर्यंत श्वास धरायचा, म्हणजे कणांना खाली बसायला वेळ मिळतो. पुडीच्या यंत्राचं नेमकं उलट. तिथे ओढ जोरदार हवी, कारण पूड सुटी करणारी शक्ती पेशंटच्या श्वासाचीच असते. एकाला सावकाश, दुसऱ्याला जोरात. घरात दोन्ही असतील तर गोंधळ ठरलेलाच. आणि सगळं अगदी बिनचूक केलं तरी साध्या पंपातल्या औषधाचा साधारण दहा ते वीस टक्के भागच फुफ्फुसात उतरतो. चुकलं तर त्यातलंही हातात काही राहत नाही.

"पण ताई, याची सवय लागते ना?" हा प्रश्न दर दुसऱ्या पेशंटचा. विचारताना आवाज खाली येतो, दुकानातल्या त्या मुलीसारखाच. त्यावर ताईंचं एक ठरलेलं उत्तर आहे. त्या ट्रेमधली सालब्युटामॉलची गोळी उचलतात. "ही 4 मिलिग्रॅमची. म्हणजे 4000 मायक्रोग्रॅम. आणि पंपाचा एक फवारा 100 मायक्रोग्रॅमचा. किती पट झालं? चाळीस पट. गोळी पोटातून रक्तात, रक्तातून सगळ्या अंगात. म्हणून हात थरथरतात, छाती धडधडते. तुम्ही चाळीस पट औषध बिनधास्त गिळता आणि शंभर मायक्रोग्रॅमला घाबरता?"

चाळीस पट. दिवसभरात हा आकडा मी इतक्या वेळा ऐकला की घरी जाताना बसमध्येही तोच घोळत होता. स्टिरॉइडच्या नावाने बिचकणाऱ्यांनाही त्या हेच गणित दुसऱ्या शब्दांत सांगतात: पंपातलं स्टिरॉइड मायक्रोग्रॅममध्ये मोजतात, गोळीतलं मिलिग्रॅममध्ये. फक्त घेतल्यावर चूळ भरायची, नाहीतर तोंडात पांढरी बुरशी धरते.

'पंप म्हणजे शेवटचा उपाय' ही समजूत किती जीव घेते याचा अंदाज जागतिक आकड्यांवरून येतो. जगातल्या दमेकऱ्यांपैकी सुमारे 13 टक्के भारतात आहेत, पण दम्याने होणाऱ्या मृत्यूंपैकी 40 टक्क्यांहून अधिक आपल्याकडे होतात. दम लागल्यावरच पंप शोधायचा आणि रोजचा, सूज कमी करणारा पंप बरं वाटलं की बंद करायचा, ही आपली सर्रास रीत. 2019पासून दम्याची जागतिक मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की किशोरवयापासून पुढच्या पेशंटला नुसत्या सालब्युटामॉलवर ठेवू नका, सोबत श्वासातून घ्यायचं स्टिरॉइड हवंच. चिठ्ठ्या बदलल्या. घराघरांतल्या समजुती बदलायला ताईंसारखं कोणीतरी समोर बसून बोलावं लागतं.

औषध श्वासातून घेणं आपल्याला परकं आहे असंही नाही. आयुर्वेदात श्वासरोगावर धूमपान सांगितलेलं आहे. दम्यासाठी धोत्रा ओढण्याची रीत 19व्या शतकाच्या सुरुवातीला मद्रासहून इंग्लंडला गेली आणि पुढे युरोपात दम्याच्या सिगारेटी विकल्या जाऊ लागल्या. धोत्र्यातल्या ॲट्रोपीनचेच दूरचे, सुधारलेले नातलग आज पंपात भरलेले असतात. पंपाचा जन्मही घरातलाच. 1955 साली अमेरिकेत रायकर कंपनीचे प्रमुख जॉर्ज मेसन यांच्या तेरा वर्षांच्या दमेकरी मुलीने विचारलं, दम्याचं औषध केसांच्या स्प्रेसारख्या डब्यात का मिळत नाही? पुढच्याच वर्षी पहिला मोजक्या मात्रेचा पंप बाजारात आला. आपल्याकडे हे तंत्र सत्तरच्या दशकात रुजवलं ते मुंबईतल्याच सिप्लाने. ही कंपनी ख्वाजा अब्दुल हमीद यांनी 1935 साली स्थापन केलेली, मुंबई सेंट्रलला, लालबागपासून फार लांब नाही. इतक्या जवळ तयार झालेली गोष्ट इतक्या जवळच कागदात गुंडाळून न्यावी लागते, याची मला राहून राहून खंत वाटते.

दुपारी एक काका आले. मूळ कणकवलीकडचे, राहायला काळाचौकीला. सत्तरीकडे झुकलेले, स्वच्छ सदरा, हातात गावच्या बँकेची कापडी पिशवी, आणि दर चार शब्दांनी थांबून घेतलेला श्वास. गिरणीत कार्डखात्यात होते, म्हणजे कापूस पिंजून त्याचे तंतू सरळ करणाऱ्या यंत्रांवर. गिरणीत सगळ्यात जास्त धूळ असते ती ब्लोरूम आणि कार्डखात्यात. 18 जानेवारी 1982ला संप सुरू झाला तेव्हा ते ऐन तरुण होते. संपानंतर ज्यांना परत कामावर घेतलं त्यांच्यात त्यांचा नंबर लागला आणि गिरणीला टाळं लागेपर्यंत तिथेच राहिले.

"रविवारची सुट्टी झाली की सोमवारी छाती आवळायची," ते म्हणाले. "शनिवारपर्यंत बरी. परत सोमवारी तेच. आम्हाला वाटायचं, कामाचा कंटाळा."

तो कंटाळा नव्हता. कापसाच्या धुळीने होणाऱ्या बिसिनोसिसची ही पुस्तकातली खूण आहे. सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी छाती आवळते, आणि वर्षानुवर्षं धूळ खाल्ली की पुढे तो आवळ कायमचा होतो. सत्तरच्या दशकाच्या शेवटी केईएमच्या डॉ. एस. आर. कामत यांनी सहकाऱ्यांबरोबर लालबाग, चेंबूर आणि खार इथल्या रहिवाशांच्या छातीचा हवेच्या प्रदूषणाच्या अंगाने अभ्यास केला. जिथे हवा वाईट, तिथे खोकला आणि धाप जास्त, हे त्यात दिसलं. त्या लालबागच्या चिमण्या आता गेल्या. त्यांच्या जागी टॉवर उठताहेत आणि खोदकामाची धूळ पत्र्यांवरून उडून चाळींच्या गॅलऱ्यांत उतरते आहे. काकांच्या वाट्याला कापूस आला, बिडी आली आणि आता सिमेंट.

काकांनी पंप दाबला. धूर ओठांच्या दोन्ही कोपऱ्यांतून निघाला. पुन्हा दाबला, पुन्हा धूर. सांध्यांनी आखडलेली बोटं, त्यात श्वास आणि दाब यांचा मेळ बसेना. तिसऱ्या वेळी त्यांनी पंप टेबलावर ठेवला आणि गावच्या भाषेत म्हणाले, "ह्यां माका जमाचां नाय."

ताईंनी स्पेसर काढला. पंप एका टोकाला, काकांचे ओठ दुसऱ्या टोकाला. फवारा आधी त्या पोकळीत थांबतो, त्याचा वेग मोडतो, मोठे कण भिंतीला चिकटतात आणि बारीक कण सावकाश ओढून घेता येतात. दाबणं आणि ओढणं एका क्षणात साधायची गरज उरत नाही. दक्षिण आफ्रिकेत हीदर झार यांनी 1999 साली दाखवून दिलं होतं की प्लास्टिकच्या साध्या बाटलीला तळाशी भोक पाडून नीट बसवलं तर मुलांच्या दम्याच्या झटक्यात तीही चांगलं काम देते. ताईंना हे माहीत आहे. साठ्यात स्पेसर नसतात तेव्हा त्या पाण्याच्या बाटल्या आणून ठेवतात. पंपही साठा असला तर फुकट, नसला तर बाहेरून.

"दाबा. आता सावकाश ओढा. सावकाश. थांबवा." ताईंचं बोट टेबलावर पडायला लागलं. एक, दोन, तीन. सहाला काकांचा श्वास सुटला. "हरकत नाही. परत." या वेळी आठ. काकांच्या मानेच्या शिरा ताठ, डोळे ताईंच्या बोटावर. तिसऱ्या वेळी दहा. कुठेही धूर नाही. काकांनी श्वास सोडला आणि आरशात स्वतःकडे पाहिलं.

या सगळ्याला पाव तास लागला. तो पाव तास कोणत्याही नोंदवहीत चढत नाही. ताईंच्या महिन्याच्या अहवालात फुंकायच्या तपासण्या किती झाल्या याचा रकाना आहे, किती जणांना पंप शिकवला याचा नाही. माझं स्पष्ट मत असं झालंय की त्या खोलीत जे घडतं तोच उपचार आहे, बाकी सगळं त्याची तयारी. औषध कितीही चांगलं असो, ते ओठांच्या कोपऱ्यातून निसटत असेल तर त्यावर झालेला सगळा खर्च हवेत जातो. प्रत्येक ओपीडीत या कामाला एक माणूस, एक टेबल आणि अहवालात एक रकाना हवा. आणि हे एकदा शिकवून भागत नाही. महिन्याभरात माणूस अर्धं विसरतो, म्हणून प्रत्येक फेरीला ताई पुन्हा "दाखवा" म्हणतात.

निघण्याआधी ताईंनी काकांच्या नव्या पंपाच्या खोक्यावर मार्करने तारीख टाकायला घेतली. पुष्कळ पंपांवर मोजणी नसते. औषध संपलं तरी आतला वायू शिल्लक असतो, त्यामुळे फवारा निघत राहतो आणि माणसाला वाटतं पंप चालू आहे. म्हणून त्या हिशोब करून देतात: 120 फवारे, सकाळी दोन, रात्री दोन, बरोबर एक महिना.

"चौदा तारखेला संपेल. त्याआधी या."

"चौदाला मी गावी असणार," काका म्हणाले. "गणपती हायत."

"मग नवीन पंप जाण्याआधी घेऊन जायचा. गावी चूल आहे?"

"आसा."

"धूप, उदबत्ती?"

"आरतीक नको?"

"हवी ना. तुम्ही जरा लांब उभे राहा. आणि पंप सगळ्यांसमोर घ्यायचा. सुनेला, नातवंडांना दाखवायचा कसा घेतात ते. रात्री दम लागला तर त्यांना कळायला नको?"

काकांनी खोकं पिशवीत घातलं. मग पुन्हा बाहेर काढलं, तारीख वाचली आणि विचारलं, "ह्यो तिकडे कणकवलीत मिळात ना?"

"मिळतो. पण चिठ्ठी सोबत ठेवा. आणि स्पेसर साबणाच्या पाण्यातून काढायचा, पुसायचा नाही, तसाच वाळू द्यायचा." दारातून पुढचा केसपेपर आत आला. "या मावशी, बसा. तुम्ही घरी कसा घेता ते दाखवा."