कोयता पोरांच्या हातात कसा जातो?

ताई-मावशींनो, आपल्याकडे कोयता ऊसतोडीचा. पुणे, पिंपरी-चिंचवडमध्ये मात्र तोच घेऊन पोरं गाड्या फोडतात, दुकानदारांना धमकावतात, वर त्याचे रील टाकतात. ‘कोयता गँग’ हे नाव बातम्यांत ऐकलं असेलच. यातली बरीच पोरं १८ च्या आतली.

शाळा सुटलेली, हाताला काम नाही. अशा वेळी एखादा ‘भाई’ वडापाव देतो, गाडीवर फिरवतो, मान देतो. “तू लहान आहेस, तुला काही होत नाही,” असं सांगून तोच पुढे ढकलतो. हे खोटं आहे. २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार अतिगंभीर गुन्ह्यात १६ ते १८ वयाच्या मुलावर मोठ्यांसारखा खटला चालू शकतो. आणि मुलाला बेकायदा कामाला लावणाऱ्या मोठ्या माणसाला ७ वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते.

मला टोचतं ते वेगळंच. मारामारी करतात पोरं, अन् संध्याकाळचा क्लास बंद होतो मुलींचा! वकिलाच्या फीसाठी मंगळसूत्र मोडते ती आई.

तेव्हा मुलाच्या मोबाईलमध्ये हत्याराचा फोटो दिसला तर लाजेपोटी झाकू नका. गटात बोला. १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाईन आहे, फोन फुकट लागतो.